अक्षरसंचातून शब्दशोध

दिलेली सर्व अक्षरे ज्यांत येतात, असे शब्द एखाद्या भाषेच्या शब्दसंग्रहातून निवडून काढण्याची क्रिया. तिचे दोन प्रकार आहेत : पहिल्यात दिलेली अक्षरे तेवढीच, पण क्रम बदलून वापरावयाची असतात, दुसऱ्यात ती अक्षरे शब्दात असली म्हणजे पुरे, त्यांच्याबरोबर इतर अक्षरेही चालतात. इंग्रजीत या शोधाला विशेष वाव मिळाला, कारण तिची लिपी केवळ २६ सुट्या अक्षरांची असून तीत स्वर व व्यंजने सारख्याच स्वतंत्रपणे लिहिली जातात.

पद्धती : नेहमीचा शब्दकोश या कामी अपुरा पडतो. त्यातील शब्दांचा क्रम पहिल्या अक्षरापासून लागत असल्याने मधल्या किंवा शेवटच्या अक्षरावरून शब्द सापडत नाही. सहा भिन्न अक्षरांचे ७२०, तर सात अक्षरांचे ५,०४० क्रम होतात. ते सर्व मांडून पाहणे कष्टाचे असते. म्हणून प्रत्येक शब्दातील अक्षरे वर्णानुक्रमाने लावून त्याची एक खूण तयार करतात. ‘लिसन’ (ऐकणे), ‘सायलेंट’ (निःशब्द) व ‘एन्‌लिस्ट’ (भरती होणे) या तिन्ही शब्दांची खूण ‘ई, आय, एल, एन, एस, टी’ अशी एकच येते. त्यामुळे ते सूचीत एकत्र सापडतात.

दुसऱ्या प्रकारात क्यू, झेड, जे यांसारखे विरळ अक्षर आधी घेतल्यास शोधाचे क्षेत्र लवकर आकुंचित होते. गणिती पद्धतीत प्रत्येक अक्षरास एकेक अविभाज्य संख्या देऊन शब्दातील अक्षरांच्या संख्यांचा गुणाकार करतात. ए = २, सी = ३ व टी = ५ मानल्यास ज्या शब्दाच्या गुणाकारास ३० ने निःशेष भाग जातो, त्यात ही तिन्ही अक्षरे असलीच पाहिजेत; उदा., ‘ॲक्ट’ (कृती), ‘एक्झॅक्ट’ (अचूक). संगणकामुळे असा शोध क्षणार्धात होतो.

खेळ : न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन यांचे शब्दकोडे प्रसिद्ध झाले. अमेरिकन वास्तुविशारद ॲल्फ्रेड बट्स यांनी वृत्तपत्रांतील अक्षरांची वारंवारता मोजून १९३८ मध्ये एक खेळ रचला. जेम्स ब्रुनो यांनी १९४८ मध्ये तो ‘स्क्रॅबल’ या नावाने बाजारात आणला. त्याच्या इंग्रजी संचात १०० सोंगट्या असून त्यांपैकी १२ ‘ई’ च्या, तर क्यू व झेड यांची प्रत्येकी एकच असते.

मराठीतील अडचण : देवनागरीत स्वर व्यंजनास जोडून येत असल्याने ‘अक्षर’ कशास मानावे, हे आधी ठरवावे लागते. पुणे जिल्ह्यातील ‘वडगाव रासाई’ या गावनामात व, ड, गा, व, रा, सा, ई ही सात अक्षरे आहेत. ती अखंड मानल्यास ‘सारा’, ‘गारा’ हे शब्द मिळतात. ‘सागर’ मात्र मिळत नाही. काना सुटा करण्याची मुभा दिल्यास तोही मिळतो. जोडाक्षरांमुळे ही अडचण आणखी वाढते.

कायदा : बक्षिसी शब्दकोड्यांमुळे हा विरंगुळा भारतात न्यायालयीन वादाचा विषय झाला. मुंबई राज्याने अशा स्पर्धांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा १९४८ मध्ये केला. बंगलोरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातील शब्दकोडी मुंबई राज्यातही मोठ्या प्रमाणावर सोडविली जात; त्यांच्या चालकांनी १९५२ च्या दुरुस्तीनंतर या कायद्यास आव्हान दिले. संसदेने १९५५ मध्ये केलेल्या कायद्यात अक्षरे, शब्द वा आकडे यांच्या जुळणीवर किंवा फेरमांडणीवर आधारलेल्या बक्षिसी स्पर्धांचा अंतर्भाव झाला. महिन्याला एकूण एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे देण्यास मनाई करण्यात आली आणि प्रत्येक स्पर्धेतील प्रवेशिकांची मर्यादा दोन हजार ठरली. या दोन्ही कायद्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी निर्णय दिले. जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे. परंतु ज्या स्पर्धेतील यश बव्हंशी कौशल्यावर अवलंबून असते, ती जुगारात मोडत नाही, असे त्यांतून स्पष्ट झाले. शब्द ज्ञानाने सापडतो की केवळ चालकांनी आधी ठरविलेल्या उत्तराशी योगायोगाने जुळतो, हा भेद त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने निर्णायक ठरला.