पलटणींतील मुलें व दाखल्याची वही

सैनिकाचें बिऱ्हाड एका छावणींत फार काळ टिकत नाहीं. बदलीचा हुकूम आला कीं मुलांचें शिक्षण मध्येंच तुटतें. इंग्रजी अमदानींत यावर एक उपाय पलटणीच्या शाळांचा होता. ज्या जातींच्या मुलांस गांवच्या शाळेंत थारा नसे, त्यांसही तेथें अक्षरओळख होई.

सुभेदार रामजी सकपाळ अशा लष्करी शाळेंत मुख्याध्यापक होते. त्यांचे चिरंजीव भीमराव यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजीं महूच्या छावणींत झाला. पेन्शनीनंतर कुटुंब दापोलीस व पुढें साताऱ्यास आलें. तेथील सरकारी हायस्कुलाच्या वहींत ७ नोव्हेंबर १९०० रोजीं ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. तिचा अनुक्रमांक १९१४; हा सन नव्हे. पित्याचें आडनांव सकपाळ, मुलाचें आंबेडकर. केवळ आडनांवावरून माग काढणारा संशोधक येथें खचित चुकेल.

पुढें १९६३-६४ सालीं भारत सरकारनें २० पलटणी शाळा आपल्या हातीं घेतल्या. त्यांतूनच आजचीं केंद्रीय विद्यालयें वाढलीं. अभ्यासक्रम सर्वत्र एकच असल्यामुळें बदलीनें मुलाचें वर्ष वायां जात नाहीं.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, सनदा व महजर जपतां तसेच सैनिकांच्या घरचे शाळेचे दाखलेही जपावे. ज्याचें गांव वारंवार बदललें, त्याच्या बालपणाचें दफ्तर कोणत्याही एका गांवीं सांपडत नाहीं.