फिरा गोल गोल, थांबा ६१७४ वर!

मुलांनो, कागद-पेन्सिल घ्या बरं! आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्यातला १९९८ घेऊ. हेच अंक वापरून सर्वांत मोठी संख्या करा, ९९८१. सर्वांत लहान, १८९९. वजाबाकी ८०८२. या उत्तरावर पुन्हा तेच. ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. पुन्हा! ८५३२ वजा २३५८... आले ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येणार.

ही गंमत १९४९ साली शोधली दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. नाशिकजवळ देवळालीला ते शाळेत शिकवत. सगळी आकडेमोड हाताने, संगणक कुठला तेव्हा!

एकच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणं, याला संगणकाच्या भाषेत लूप म्हणतात. '६१७४ येईपर्यंत कर' एवढंच सांगायचं. पण ११११ देऊन बघा. उत्तर शून्य, शून्यातून पुन्हा शून्य. ६१७४ येणारच नाही. संगणक कंटाळत नाही, हीच पंचाईत!

यावर उपाय आहे. ज्या संख्येत निदान दोन अंक वेगळे असतात, ती जास्तीत जास्त ७ फेऱ्यांत ६१७४ वर पोहोचते. म्हणून फेऱ्या मोजायच्या आणि ७ झाल्या की थांबवायचं. मोजायला एक डबी ठेवू, तिचं नाव 'फेऱ्या'. अशा डबीला व्हेरिएबल म्हणतात.

पण डबी ठेवायची कुठे? सी भाषेत लूपची कामं महिरपी कंसात लिहितात. 'फेऱ्या = ०' ही डबी कंसाच्या आत मांडली, तर दर फेरीला ती नवी कोरी, शून्यापासून सुरू. एकाच्या पुढे मोजणी जाईल कशी? ७ होणार नाहीत, ११११ थांबणार नाही. शिवाय कंसाबाहेर येऊन "फेऱ्या किती?" विचारलं, तर संगणक ते नावच ओळखत नाही. घरातलं लाडाचं नाव शाळेच्या हजेरीत नसतं ना, तसंच! नाव जिथवर चालतं, तो त्याचा स्कोप. म्हणून 'फेऱ्या' लूपच्या आधी, बाहेर मांडायची. 'मोठी' आणि 'लहान' खुशाल आत राहू देत, त्यांचं काम त्या फेरीपुरतंच.

२०१४ ला पुऱ्या ७ फेऱ्या लागतात. आणि २०११ साली जन्मलेल्यांनो, तुम्ही पहिली वजाबाकी कराच. उत्तर ओळखीचं निघेल!