पराभवाचें पारायण

ज्यांचीं मुलें अगर नातवंडें विद्याभ्यासाकरितां अमेरिकेंत गेलीं आहेत, अशा वाचकांच्या कानांवर तेथील कॉलेज-फुटबॉलच्या वेडाची हकीकत केव्हांना केव्हां आलीच असेल. शरदऋतूंतील शनिवार उजाडला कीं सारें गांव एका रंगाचे कपडे घालून मैदानाकडे लोटतें, घरधन्यापासून आजीबाईंपर्यंत कोणी मागें राहत नाहीं, हें ऐकून आम्हांस प्रथम विशेष कांहीं वाटलें नाहीं. पंढरीच्या वाटेला लागलेला समाज ज्यांनीं पाहिला आहे त्यांस गर्दीचें नवल तें काय! नवल वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. खेळाचा हंगाम संपल्यावर हे लोक घरोघर जें बोलत बसतात, तें जिंकलेल्या सामन्यांविषयीं कमी आणि हरलेल्यांविषयीं अधिक. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वींचा सामना, त्यांत कोणत्या क्षणीं चेंडू कोणाच्या हातीं होता, कोणाचा पाय घसरला, पंचानें काय निवाडा दिला, हें सारें पोथीच्या अध्यायांप्रमाणें मुखोद्गत असतें आणि बापाकडून मुलाकडे जातें. या पारायणाचा थोडा परिचय करून द्यावा, व त्यांतील आम्हांस खटकणारी एक गोष्टही सांगावी, असा हेतु आहे.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे, हें आधीं सांगितलें पाहिजे. चेंडू लांबट असतो. तो हातानें फेकतात, छातीशीं धरून पळतात, पायानें मारण्याचे प्रसंग थोडे. मैदान १०० यार्डांचें, आणि दोन्ही टोकांस दहा दहा यार्डांची एकेक पट्टी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावयाचें. न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. पलीकडच्या पट्टींत चेंडू नेला तर सहा गुण. तें जमण्याजोगें नसेल तर लांबूनच लाथेनें दोन खांबांमधून उडवावयाचा, त्याचे तीन. बहुतेक प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं चेंडू ज्याच्या हातीं येतो तो क्वार्टरबॅक. चेंडू कोणाला द्यावा, कोठें फेकावा, कीं आपणच घेऊन पळावें, हें दोन-तीन सेकंदांत त्यानें ठरवावयाचें, आणि तेंही अंगावर धिप्पाड गडी धांवून येत असतां! कृष्ण आणि अर्जुन या दोघांचीं कामें एकट्यानें करावयाचीं, आणि वय काय, तर वीस-बावीस. म्हणून विद्यापीठाचे अभिमानी लोक काळ मोजतात तो क्वार्टरबॅकांच्या नांवांनीं. अमक्याच्या वेळीं आमचें लग्न झालें, तमक्याच्या वेळीं थोरला जन्मला, असा त्यांचा शक चालतो.

आतां उदाहरणादाखल एकच वैर घेऊं. अलाबामा हें अमेरिकेच्या दक्षिणेंतील राज्य. तेथें व्यावसायिक फुटबॉलचा कोणताही मोठा संघ नाहीं, त्यामुळें सगळी भक्ति दोन विद्यापीठांत वांटली गेली आहे: एक टस्कलूसा येथील अलाबामा विद्यापीठ, दुसरें ऑबर्न. दोघांचा पहिला सामना २२ फेब्रुवारी १८९३ रोजीं बर्मिंगहॅम शहरीं झाला व ऑबर्ननें तो ३२-२२ असा जिंकला. पुढें १९०७ सालीं ६-६ अशी बरोबरी झाली, आणि खेळाडूंच्या खर्चाची रक्कम व पंचांची निवड असल्या क्षुल्लक बाबींवरून असा बेबनाव झाला कीं ४१ वर्षें सामनाच झाला नाहीं. भाऊबंदकीचा हा प्रकार आपणांस अपरिचित नाहीं. अखेर १९४७ सालीं राज्याच्या विधिमंडळानें ठराव करून मन वळविलें. १९४८ च्या डिसेंबरांत, सामन्यापूर्वीं, दोन्ही विद्यार्थिसंघांच्या अध्यक्षांनीं बर्मिंगहॅमच्या उद्यानांत वैर संपल्याची खूण म्हणून खरोखरीची एक कुऱ्हाड जमिनींत पुरली. मग सामना झाला, त्यांत अलाबामानें ऑबर्नला ५५-० असें धुऊन काढलें. कुऱ्हाड फार खोल पुरली गेली नसावी! तेव्हांपासून हा सामना प्रतिवर्षीं होत आला आहे. बर्मिंगहॅम हें लोखंड-पोलादाचें शहर, म्हणून त्यास 'आयर्न बोल' असें नांव पडलें.

या वैराच्या पोथींत अध्याय पुष्कळ आहेत. १९६७ चा सामना पावसाचिखलांत झाला. अलाबामाचा क्वार्टरबॅक केन स्टेबलर त्या चिखलांतून ४७ यार्ड पळत गेला आणि ७-३ असा जय मिळाला. ऑबर्नच्या म्हाताऱ्यांस तो चिखल अजून बुटांना लागलेला आहे. त्यांचा लाडका क्वार्टरबॅक पॅट सलिव्हन. यानें १९६९ व १९७० अशीं लागोपाठ दोन वर्षें अलाबामास हरविलें. १९७१ च्या नोव्हेंबरांत देशांतील सर्वोत्तम कॉलेज-खेळाडूस मिळणारा हाइझमन चषक त्यास जाहीर झाला, आणि दोनच दिवसांनीं अलाबामानें ऑबर्नचा ३१-७ असा फडशा पाडला. सलिव्हनचें नांव निघालें कीं चषकाचा उल्लेख होतो. पण पुढचें वाक्य त्या शनिवारचें असतें. हा गुणी पुरुष १ डिसेंबर २०१९ रोजीं वारला. आदल्याच दिवशीं ऑबर्ननें अलाबामास ४८-४५ असें हरविलें होतें. आमच्याकडे याला पुण्याई म्हणाले असते.

अलाबामाच्या बाजूचें सर्वांत जुनें शल्य १९७२ चें. सलिव्हन शिक्षण संपवून गेला होता, ऑबर्नकडून कोणाची फारशी अपेक्षा नव्हती. अलाबामाचा संघ त्या वर्षीं अपराजित होता. शेवटच्या चतुर्थांशांत १६-० अशी आघाडी. ऑबर्ननें तीन गुण मिळविले, तेव्हां लोक हसले असतील. मग अलाबामानें चेंडू लांब उडविण्याकरितां लाथ मारली, ती बिल न्यूटननें अडविली व डेव्हिड लँगनर तो चेंडू उचलून पलीकडे पळाला. थोड्या वेळानें पुनः तीच लाथ, तोच न्यूटन, तोच लँगनर! १७-१६. एकच अपघात एका सामन्यांत दोनदां व्हावा हें कादंबरीकारानें लिहिलें असतें तर आम्हीं पुस्तक मिटून ठेविलें असतें. २०१० सालीं तर अलाबामाची आघाडी २४-० होती, आणि तीही घरच्या मैदानावर. ऑबर्नचा क्वार्टरबॅक कॅम न्यूटन यानें ती पुसून २८-२७ असा सामना नेला.

परंतु ३० नोव्हेंबर २०१३ पुढें हे सगळे अध्याय फिके आहेत. अलाबामा मागील दोन वर्षें राष्ट्रीय विजेता, त्या हंगामांतील अकराही सामने जिंकलेला. क्वार्टरबॅक ए. जे. मॅकॅरन. शेवटच्या चतुर्थांशांत आपल्याच रेषेपासून अवघ्या एक यार्डावर चेंडू असतां त्यानें तो अमारी कूपरकडे फेकला आणि कूपरनें ९९ यार्डांचा पल्ला पुरा केला. २८-२१. एखाद्या खेळाडूची कीर्ति पिढ्यान् पिढ्या टिकावयास एवढें पुरे होतें. ३२ सेकंद उरले असतां ऑबर्ननें बरोबरी केली. अलाबामाचा गडी चेंडू घेऊन मैदानाबाहेर गेला तों घड्याळ शून्यावर आलें. आतां जादा वेळांत निकाल लागावयाचा; पण अलाबामाचे गुरु निक सेबन यांनीं आग्रह धरिला कीं एक सेकंद उरला होता. पंचांनीं चित्रफीत तपासली व तो सेकंद दिला.

त्या एका सेकंदांत ५७ यार्डांवरून लाथ मारण्याचें ठरलें. नेहमींचा लाथ मारणारा केड फॉस्टर याचे तीन प्रयत्न त्या दिवशीं फुकट गेले होते, त्यांतला एक तर प्रतिपक्षानें हातानें अडविलेला; म्हणून ॲडम ग्रिफिथ नांवाच्या नवख्या मुलास पुढें केलें. चेंडू खांबांपर्यंत पोंचला नाहीं. असा आंखूड पडलेला चेंडू झेलून परत पळण्याची नियमांत मुभा आहे, हें तेथें जमलेल्या कित्येकांच्या त्या क्षणीं ध्यानांतही नसावें. ऑबर्नचा क्रिस डेव्हिस अगदीं मागच्या पट्टींत उभा होता. त्यानें तो झेलला, डाव्या कडेनें पळत सुटला, आणि अलाबामाचे जड गडी, जे लाथेच्या वेळीं खांबासारखे उभे राहावयाचे म्हणून निवडलेले, ते त्याला गांठूं शकले नाहींत. ३४-२८. घड्याळांत सेकंद उरला नव्हता. ऑबर्नच्या रेडिओवर या धांवेचें वर्णन करणारे रॉड ब्रॅम्लेट २०१९ सालीं अपघातांत वारले. त्यांचा तो आवाज लोक अजून लावून ऐकतात.

महाभारत वाचतांना जयद्रथवध चटकन् वाचून होतो. पण कर्णाच्या रथाचें चाक रुतलें कीं वाचणारा थांबतो. तें रुतलें नसतें तर? जयाला 'तर' नसतो. तो झाला आणि संपला. पराजय मात्र दर वेळीं नव्यानें टळतां टळतां होतो. तो सेकंद मागितलाच नसता तर? नवख्याऐवजीं फॉस्टरच गेला असता तर? मॅकॅरनलाच शेवटचा लांब चेंडू फेकूं दिला असता तर? या प्रश्नांवर आजा आणि नातू तासन् तास बरोबरीनें बोलूं शकतात, आणि एरवीं त्या दोघांस बोलावयास दुसरा विषय फारसा नसतो. ही या पारायणाची गोडी आम्ही नाकारीत नाहीं.

आम्हांस खटकतें तें पुढचें. त्या रात्रीं केड फॉस्टरला लोकांनीं शिव्या आणि जिवे मारण्याच्या धमक्या पाठविल्या. आमच्या हातांखालून चाळीस वर्षें सोळा-सतरा वर्षांचीं मुलें गेलीं. त्यांच्या वयांत चार-पांच वर्षें मिळविलीं म्हणजे हा फॉस्टर होतो. भूमितीचा सिद्धांत फळ्यावर अडला म्हणून ज्याचे कान लाल होतात तो मुलगा आम्ही ओळखतों. इतक्या मोठ्या जनसमुदायाचा राग त्याच्या वांट्याला यावा, हें कोणत्या न्यायानें? अमेरिकेचे ४३ वे अध्यक्ष धाकटे बुश यांनीं त्यास स्वहस्तें चार ओळींचें पत्र लिहून धीर दिला. फॉस्टरच्या पाठीवरचा आंकडाही ४३ होता, तेवढ्या नात्यानें. राजकारणांत या गृहस्थांविषयीं आमचें मत कांहींही असो, हें पत्र त्यांनीं लिहिलें हें फार चांगलें केलें. २०२१ पासून विद्यार्थि-खेळाडूंस आपल्या नांवाच्या उपयोगाबद्दल पैसा घेण्याची मोकळीक मिळाली आहे. 'पैसे घेतो ना, मग बोलणींही खावींत,' असें आतां कोणी म्हणूं लागेल, ही आमची भीति आहे.

हा दोष त्यांच्याकडेच आहे असें मात्र नाहीं. १८ एप्रिल १९८६ रोजीं शारजा येथें शेवटच्या चेंडूवर पाकिस्तानला चार धांवा हव्या असतां जावेद मियांदादनें षट्कार मारला. चेंडू टाकणारा चेतन शर्मा तेव्हां वीस वर्षांचा होता. याच शर्मानें पुढच्याच वर्षीं आपल्या नागपुरांत न्यूझीलंडचे तीन गडी तीन चेंडूंवर बाद केले. जागतिक चषकाच्या सामन्यांत असें करणारा तो पहिलाच गोलंदाज. नागपूरचे ते तीन चेंडू किती घरांत आठवतात आणि शारजाचा तो एक किती घरांत, हें वाचकांनीं आपल्याच बैठकींत विचारून पाहावें.

आठवण मुरत मुरत कोठवर जाते याचा एक दाखला त्याच अलाबामांत घडला. ऑबर्न येथें टूमर्स कॉर्नर नांवाच्या चौकांत दोन जुने ओक वृक्ष होते. संघ जिंकला कीं विद्यार्थी कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या त्यांवर उधळीत, व झाडें बर्फ पडल्यासारखीं दिसत. २०१० च्या त्या २८-२७ नंतर अलाबामाच्या एका वयस्क अभिमान्यानें त्यांच्या मुळांशीं जालीम तणनाशक ओतलें, आणि १९११ नव्हे, २०११ सालीं, रेडिओवरील कार्यक्रमांत दूरध्वनि करून तें आपल्या तोंडानें जगास सांगितलें! त्यास शिक्षा झाली. झाडें वांचलीं नाहींत. २०१३ च्या एप्रिलांत तीं काढावीं लागलीं. त्याच वर्षाअखेर डेव्हिस धांवला. २०१५ सालीं तेथें नवे वृक्ष लावले, २०१६ सालीं एकानें त्यांतल्या एकास आग लावली, मग पुढच्या वर्षीं पुनः नवे आणले. झाड लावणाऱ्यांची चिकाटी आम्हांस कोणत्याही क्वार्टरबॅकहून थोर वाटते.

२५ नोव्हेंबर २०२३ रोजीं, ऑबर्नच्या त्याच मैदानावर, पारडें फिरलें. ऑबर्न २४-२० असा पुढें. अलाबामाचा चौथा व शेवटचा प्रयत्न, आणि जावयाचें ३१ यार्ड. क्वार्टरबॅक जेलन मिलरो यानें चेंडू पट्टीच्या कोपऱ्यांत फेकला, आयझया बाँडनें तो झेलला, २७-२४. आतां ऑबर्नच्या घरांतून 'चौथा प्रयत्न आणि ३१' हा नवा अध्याय लागला आहे, आणि अलाबामाच्या घरांतून तो मोठ्यानें वाचला जात आहे.

२०१३ च्या त्या धांवेविषयीं मात्र दोन्ही घरांत एका बारीकशा बाबीवर अजून मतभेद आहे. डेव्हिसनें चेंडू झेलला तो रेषेच्या मागें नऊ यार्डांवर. म्हणजे तो धांवला १०९ यार्ड. परंतु पट्टींतील अंतर हिशेबांत धरण्याचा नियम नाहीं. अधिकृत नोंदींत आंकडा आहे तो १०० चा.