माय फादर्स ड्रॅगन
स्वतः वाचू लागलेल्या लहान मुलांसाठी लिहिलेली अद्भुतरम्य इंग्रजी साहसकथा. अमेरिकन लेखिका रूथ स्टाइल्स गॅनेट (१९२३–२०२४) हिने ती लिहिली व १९४८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. चित्रे लेखिकेची सावत्र आई रूथ क्रिसमन गॅनेट हिची आहेत. १९४९ मध्ये कथेला ‘न्यूबेरी ऑनर’ हा सन्मान लाभला.

रानटी बेटावरील प्राण्यांनी एका उडत्या ड्रॅगनच्या पिलाला दोराने बांधून नदीपार ने-आण करण्यास जुंपलेले असते. हे एका भटक्या मांजरीकडून कळताच एल्मर एलेव्हेटर हा मुलगा त्याच्या सुटकेसाठी निघतो. निवेदक त्याला ‘माझे वडील’ म्हणतो. त्यामुळे अशक्य घटनांनाही घरगुती आठवणीचा विश्वसनीय सूर लाभतो.

बोलके प्राणी व ड्रॅगन येथे आहेत; परंतु एल्मरजवळ मंत्र नाही की जादूची कांडी नाही. त्याच्या पिशवीतील वस्तूंची यादी आरंभीच येते आणि पुढे त्या एकेक उपयोगी पडतात. शिंग पिवळे पडल्याने खिन्न झालेल्या गेंड्याला तो दात घासण्याचा ब्रश देतो, आयाळीच्या गुंत्याने चिडलेल्या सिंहाला फणी व फिती, तर मगरींच्या शेपट्यांना लॉलीपॉप बांधून त्यांचाच पूल करतो. धारदार चाकू जवळ असूनही तो कोणावर उगारत नाही. त्याने केवळ दोर कापला जातो. धमकी, तक्रार आणि पिशवीतून निघणारा उपाय हा क्रम पुनःपुन्हा येत असल्याने अडखळत वाचणाऱ्या मुलालाही पुढचे ताडता येते. नवसाक्षर बालकाला पुस्तक शेवटपर्यंत नेण्यास हे ताडणेच शब्दांच्या सोपेपणाहून अधिक साहाय्यक ठरते. कथेचे पुढील दोन भाग १९५० व १९५१ मध्ये निघाले.