पेटत नाही म्हणून निर्धास्त

कामाच्या जागी : लेखांक ६

गेल्या आठवड्यात जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करताना उठणारा पांढरा धूर आणि त्यापायी येणारा ताप यांची माहिती घेतली. तो धूर डोळ्यांना दिसतो. आजचा वायू दिसत नाही, त्याचा त्रास लगेच जाणवेलच असंही नाही. आणि तो गॅरेजच्या फळीवर ठेवलेल्या एका साध्या डब्यातून जन्म घेऊ शकतो.

मोटरसायकलच्या चॅसीला तडा गेला आहे. वेल्डिंग नीट बसायचं तर आधी तेल-ग्रीस काढायला हवं, नाहीतर झाळ सच्छिद्र होते. मिस्तरी ब्रेक क्लीनरचा डबा हलवतो, बारीक नळीतून फवारा मारतो, फडक्याने पुसतो. बघता बघता जागा कोरडी होते. पण चॅसी म्हणजे पोकळ पाइप. बोल्टच्या भोकात, जुन्या झाळेच्या फटीत, पाइपच्या आतल्या कोपऱ्यात थोडा द्रव साचून राहतो आणि वरून काही कळत नाही. आर्क पेटली की तो तापतो आणि त्याची वाफ थेट काम करणाऱ्याच्या तोंडासमोर येते.

या क्लीनरच्या दोन जाती आहेत. एकीत ॲसिटोन, हेप्टेन असे ज्वलनशील द्रव असतात. ठिणगी पडली की भडका उडतो हे नव्या हेल्परलाही ठाऊक असतं, त्यामुळे तो डबा आपोआप लांब ठेवला जातो. दुसऱ्या जातीत टेट्राक्लोरोइथिलीन असतं, म्हणजे ड्रायक्लीनिंगच्या धंद्यातलं ‘पर्क’. त्याच कुळातले ट्रायक्लोरोइथिलीन आणि मिथिलीन क्लोराइड हे द्रव धातूवरचं ग्रीस किंवा जुना रंग काढायला वापरतात. पर्कच्या डब्यावर ‘नॉन-फ्लेमेबल’ असं ठळक छापलेलं असतं आणि ते खरंही असतं. गोम तिथेच आहे. पेटत नाही म्हटल्यावर माणूस निर्धास्त होतो आणि ज्वाळेजवळ नेमका तोच डबा उचलतो.

हा द्रव सहजी पेटत नसला तरी त्याचं विघटन होतं. लालबुंद धातूवर किंवा उघड्या ज्वाळेत त्यातला क्लोरीन सुटा होतो आणि हवेतला ऑक्सिजन व दमटपणा यांच्या संगतीने हायड्रोजन क्लोराइड आणि फॉस्जिन हे वायू तयार होतात. आर्क वेल्डिंगमध्ये तर द्रव धातूवर असण्याचीही गरज नाही. आर्कमधून निघणारे अतिनील किरण हवेत तरंगणाऱ्या वाफेचंही विघटन करतात. म्हणजे एका कोपऱ्यात सुटे भाग धुतले जात असतील आणि पलीकडे वेल्डिंग चालू असेल, तरी धोका आहेच. अशा वाफेत ओढलेली विडी-सिगारेटही त्याच कारणाने घातक ठरते.

फॉस्जिन हा काही नवा शत्रू नाही. जॉन डेव्ही यांनी १८१२ मध्ये कार्बन मोनॉक्साइड आणि क्लोरीनच्या मिश्रणावर सूर्यप्रकाश पाडून तो प्रथम तयार केला. डिसेंबर १९१५ मध्ये बेल्जियममधल्या यीप्रजवळ जर्मन सैन्याने तो क्लोरीनमध्ये मिसळून ब्रिटिश फौजेवर सोडला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंनी जे बळी गेले, त्यांतले बहुतांश याच वायूचे. भारतीय वाचकाला तो भोपाळमुळे परिचित असायला हवा. तिथल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट बनवण्यासाठी फॉस्जिन वापरत. डिसेंबर १९८१ मध्ये, म्हणजे मोठ्या दुर्घटनेच्या तीन वर्षं आधी, याच वायूने तिथल्या एका कामगाराचा जीव घेतला होता.

तापलेल्या क्लोरीनयुक्त द्रवाचा धडा जगाने एकदा घेतलाही आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोटारींमध्ये आणि गॅरेजांमध्ये पितळेची, पिचकारीसारखी अग्निशामकं असत आणि त्यांत कार्बन टेट्राक्लोराइड भरलेलं असे. आग विझे, पण बंद जागेत विझवणाऱ्याच्याच छातीत फॉस्जिन जाई. पुढे ही अग्निशामकं मोडीत निघाली. आपल्या गॅरेजांतला क्लीनरचा डबा मात्र अजून वेल्डिंगच्या टेबलावरच उभा असतो.

अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांनुसार आठ तासांच्या पाळीत हवेच्या एक कोटी भागांत फॉस्जिनचा एक भाग, एवढीच मर्यादा आहे. ताज्या कापलेल्या किंवा कुबट गवतासारखा त्याचा वास येतो, पण तो बहुतेकांना जाणवतो तोवर मर्यादा कितीतरी पट ओलांडलेली असते. ‘वास आला तर बाहेर जाऊ’ हा हिशेब इथे चालत नाही.

याहून घातक आहे तो मधला वेळ. सुरुवातीला डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, ठसका लागतो. थोडं बाहेर बसलं की बरं वाटतं. मिस्तरी काम उरकतो, घरी जातो, जेवतो. काही तासांनी, कधी चोवीस तासांनीही, श्वास अपुरा पडू लागतो, कारण दरम्यान फुप्फुसातल्या वायुकोशांची पातळ भिंत झिरपू लागून तिथे पाणी साचत असतं. या विषावर उतारा नाही. ऑक्सिजन आणि गरज पडल्यास व्हेंटिलेटर, एवढ्याच आधारावर रुग्ण सांभाळावा लागतो. मधल्या वेळात चालणं, जिने चढणं, पुन्हा कामाला लागणं यांनी हानी वाढते.

उपाय महाग नाहीत. वेल्डिंगच्या जागेवर क्लोरीनयुक्त क्लीनर आणायचंच नाही, हा पहिला नियम. डब्यावर ‘क्लोरो’ किंवा ‘क्लोराइड’ असलेलं नाव किंवा १२७-१८-४ हा पर्कचा रासायनिक नोंदणी क्रमांक दिसला, तर तो डबा वेगळ्या खोलीत ठेवावा. वेल्डिंगपूर्वी साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, तारेच्या ब्रशने घासावं. ॲसिटोन वापरलंच तर ते पूर्ण उडून जाईपर्यंत थांबावं आणि डबा व फडकी लांब न्यावीत. कापडी किंवा एन-९५ मास्क धूलिकण अडवतो, वायू अडवत नाही. हे सगळे वायू हवेपेक्षा जड असल्याने गाडीखालच्या खड्ड्यात उतरून काम करणाऱ्याला धोका सर्वांत जास्त.

कायद्याने हे विष ओळखलेलं आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत या कुळातल्या रसायनांची विषबाधा कळवण्याजोग्या व्यवसायजन्य रोगांत धरलेली होती. पण दोन-तीन माणसांचं गॅरेज कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाही. तिथे ना निरीक्षक येतो ना नोंद होते, म्हणून ही जबाबदारी मालकाने स्वतःहून घ्यायला हवी.

आणि कुणाला असा धूर लागलाच, तर त्याला बरं वाटतंय म्हणून घरी पाठवू नका. मोकळ्या हवेत आणून बसवा, चालायला लावू नका, गाडीने रुग्णालयात न्या आणि क्लीनरचा डबा सोबत घ्या. डॉक्टरांना ‘वेल्डिंगचा धूर लागला’ एवढंच सांगू नका. ‘फॉस्जिनचा संशय आहे, चोवीस तास लक्ष ठेवा’ असं स्पष्ट सांगा.