अंतर एकच, तास वेगळे

मुंबई ते न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ हे हवाई अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर. मोठं प्रवासी विमान ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास उडतं, म्हणजे हिशेबाने चौदा तास. प्रत्यक्षात थेट विमानाला जाताना सोळाच्या आसपास तास लागतात आणि येताना त्याहून बरेच कमी. लेकीकडे, मुलाकडे नेमाने जाणाऱ्या आईवडिलांना हा फरक सवयीचा झालेला असतो. त्यामागची कारणं मात्र तिकिटावर छापलेली नसतात.

आधी वाट पाहू. भिंतीवरच्या नकाशावरून वाटतं, अरबी समुद्र, आफ्रिका, मग अटलांटिक, असं सरळ पश्चिमेला जायचं. पण सपाट नकाशा इथे फसवतो. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो वायव्येला वळतो, तुर्कमेनिस्तान, रशिया, स्वीडन, नॉर्वे ओलांडून आइसलंडच्या बाजूला पोचतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडात उतरतो. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर, न्यूयॉर्क ४१ वर, आणि वाट चढते जवळजवळ ६५ अंशांपर्यंत! भूगोलात याला बृहत्वृत्त म्हणतात. सर्वांत जवळची वाट तीच.

आता वारा, आणि खरी गंमत त्यातच आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते अधिक जोरात असतात. विमानाचा स्वतःचा वेग हवेच्या तुलनेत असतो. हवाच पुढे सरकत असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग वाढतो, समोरून येत असेल तर घटतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये वॉशिंग्टनहून लंडनला निघालेल्या एका प्रवासी विमानाने जमिनीच्या हिशेबाने ताशी सुमारे १,२९० किलोमीटर वेग गाठला होता. एअर इंडियाने तर ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट हजारभर किलोमीटरहून अधिक लांबली, तरी वारा पाठीशी असल्याने विमान सुमारे साडेचौदा तासांत, आधीपेक्षा लवकर पोचलं. अंतर वाढवून वेळ वाचवण्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तिसरं कारण माणसांनी केलेलं. मुंबईहून निघालेला तो दोरा सिंधवरून जातो. पाकिस्तानने २०१९ मध्ये काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. मग अरबी समुद्रावरून वळसा आला, इंधन वाढलं, तास वाढले.

तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी तर करूच नका. त्या स्थानिक वेळा असतात. न्यूयॉर्कचं घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. त्यामुळे रात्री एकला निघालेलं विमान त्याच दिवशी सकाळी पोचलेलं दिसतं.

म्हणून तिकीट काढताना जाण्याचे आणि येण्याचे तास वेगवेगळे वाचा. अमेरिकेत पहिल्या उतरण्याच्या ठिकाणीच इमिग्रेशन होतं, सामानही तिथेच घ्यावं लागतं. न्यूयॉर्कहून पुढचं विमान असेल, आणि सोबत वयस्कर माणसं असतील, तर मध्ये तीन-चार तास मोकळे ठेवा.