पनवेल, उरणचा इतिहास ठाण्याच्या खंडांत

नवी मुंबई : बेलापूर, पनवेल वा उरणचा जुना इतिहास अभ्यासू इच्छिणाऱ्यांना आता घरबसल्या संगणकावर मूळ ग्रंथ चाळता येतात. ब्रिटिशकालीन गॅझेटिअर, म्हणजे जिल्हावार माहितीकोश, राज्याच्या दर्शनिका विभागाने संगणकीय स्वरूपात उपलब्ध केले आहेत. मात्र शोध घेताना एक बाब ध्यानात ठेवावी लागते. पनवेल व उरण आज रायगड जिल्ह्यात असले, तरी १८८२ मध्ये ते ठाणे जिल्ह्यात मोडत. त्यामुळे त्यांच्या नोंदी १८८३ च्या कुलाबा खंडात मिळत नाहीत; त्या १८८२ च्या ठाणे खंडांत पाहाव्या लागतात. भातशेती, मिठागरे आणि आगरी-कोळी समाजांची माहिती तेथेच आहे.

अर्थात, ही नोंद राज्यकर्त्यांच्या नजरेतून झालेली आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनींचे संपादन सुरू झाले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील शेतकरी आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जणांना हौतात्म्य आले. हा अध्याय जुन्या कोशात असणे शक्यच नाही. ज्यांनी तो अनुभवला, त्यांच्या आठवणी वेळीच नोंदविल्या गेल्या, तरच या गावांचा इतिहास पूर्ण होईल.